नव्याने प्रार्थना सुरू केली आहेस, त्यासाठी

ऐरोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये उभ्याने, मनातल्या मनात केलेली प्रार्थनाही देव ऐकतो. त्यामुळे जागा कोणती, शब्द कोणते याची काळजी आधी सोड.

मागण्याआधी हेतू तपास. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, 4:3 मध्ये (अध्याय 4, ओवी 3), स्पष्ट सांगितलंय की मागूनही मिळत नाही, कारण आपण चैनीत उधळायला मागतो. नोकरी माग, बेलापूरला घर माग, त्यात वावगं काहीच नाही. पण ते नातेवाइकांना दाखवायला हवंय की आईवडिलांना आधार द्यायला, हे देवापुढेच बोल. उत्तर लाजिरवाणं असलं तरी बोल. लूकच्या शुभवर्तमानात, 18 व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या गोष्टीतला जकातदार (कर गोळा करणारा, लोक पापी समजत तो) मंदिरात प्रार्थना करताना वर बघायलाही धजला नाही, फक्त दया मागितली, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. तिथेच प्रार्थना करणारा परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, मात्र आपले उपास मोजत बसला होता.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- देवाशी सौदा करणं: "हे दे, मग मी ते करीन."
- उत्तराची तारीख स्वतःच ठरवणं.
- नम्रता म्हणजे काही मागायचंच नाही, असं समजणं. गेथशेमाने बागेत येशूने प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, टळावा असं आधी मागितलं, मग पित्याची इच्छा पूर्ण होवो म्हटलं. तूही दोन्ही म्हण, पहिलं गिळू नकोस.

उपास, रात्रभराच्या प्रार्थना सध्या राहू देत. रोज दहा मिनिटं पुरेत. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोण आजारी आहे ते विचार आणि त्यांच्यासाठीही माग.