घरातल्या पाच जणांनी हात वर केले की ठराव पास होतो का? माझे 26 टक्के शेअर असून मला काहीच करता येत नाही का?

करता येतं. काकांचा एक ठराव तर तुम्ही एकटे पाडू शकता. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘असल्या सभेला मी पाऊलसुद्धा टाकणार नाही’. ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला कळलं ते असं. निपाणीजवळची तुमची घरचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. काकांच्या बाजूच्या पाच जणांचे मिळून 74 टक्के शेअर, तुमचे 26. काकांना नवे शेअर काढून ते फक्त आपल्या मुलाला द्यायचेत आणि तंबाखूच्या जुन्या वखारीची जागा विकायची आहे. ‘पाचजण एकीकडे, तू एकटा’ असं ते म्हणतात.

आपल्या भागात हा गैरसमज घरोघरी आहे, कारण बहुतेकांनी सभा बघितलेली असते ती पतसंस्थेची नाहीतर साखर कारखान्याची. सहकारात माणशी एक मत. कंपनीत मत शेअरला असतं. गोंधळ वाढतो तो अशामुळे की कंपनीच्या सभेतही आधी हात वर करूनच मतदान होतं आणि त्यात डोकी मोजतात. तुमच्याकडे पाच विरुद्ध एक होईल आणि ठराव पास दिसेल. अशा वेळी तुम्ही ‘पोल घ्या’ म्हणायचं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 109 प्रमाणे एकूण मतांपैकी दहावा हिस्सा ज्याच्याकडे आहे त्याने पोल मागितला तर अध्यक्षांना तो घ्यावाच लागतो. मग शेअर मोजले जातात. मागणी मात्र निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताक्षणी करायची. अध्यक्षांनी निकाल सांगितला, मिनिट बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) लिहिला आणि तुम्ही गप्प बसलात, तर ती नोंदच पुरावा ठरते.

आता आकडे. साधा ठराव असेल तर बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा जास्त असली की झालं, तिथे तुमचे 26 चालणार नाहीत. पण नवे शेअर सगळ्यांना हिश्शाप्रमाणे न देता एकट्या मुलाला द्यायचे तर विशेष ठराव लागतो, आणि त्यात बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. तुमच्या 26 ची तिप्पट 78. त्यांच्याकडे 74. ठराव पडला! तुमच्याकडे बरोबर 25 असते तर 75 ला तो पास झाला असता. एका टक्क्यावर सगळं आहे.

पण ही तिप्पट मोजतात ती पडलेल्या मतांची. घरी बसलेल्याचे शेअर कुणी मोजत नाही. हे मी आमच्याच घरात बघितलंय.

आमच्या आप्पांनी दोघा दोस्तांबरोबर बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉप काढलं होतं. दहा हजार शेअर, त्यातले तीन हजार आप्पांचे. 2016 साली तिघांचं बिनसलं. नवे पाच हजार शेअर फक्त त्या दोघांना द्यायचे, अशा ठरावाची नोटीस पोस्टाने आली. आप्पांनी ती वाचली, घडी केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचली. ‘त्यांचं तोंड बघायचं नाही मला.’ सभेच्या दिवशी ते सकाळीच शेतावर गेले. प्रायव्हेट कंपनीत दोन सभासद हजर असले की कोरम होतो. सत्तर विरुद्ध शून्य. आप्पा जाऊन नुसतं ‘विरोध’ म्हणाले असते, पोल मागितला असता, तर त्यांच्या 30 टक्क्यांपुढे त्या दोघांना 90 लागले असते. ते कुठून आणणार होते? पंधरा हजारांत आप्पांचे तीन हजार म्हणजे 20 टक्के उरले, आणि त्यानंतर कुठलाच विशेष ठराव त्यांना अडवता आला नाही. मिनिट बुकात त्या ठरावापुढे ‘एकमताने मंजूर’ लिहिलंय. ती ओळ मी स्वतः वाचली तेव्हा हात थरथरत होते माझे.

म्हणून सांगतो, जा. अगदीच जमत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा माणूस, पाठवा. त्याचा फॉर्म सभेच्या 48 तास आधी कंपनीत पोचवायचा. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही आणि मतही पोलमध्येच देता येतं, तेव्हा स्वतः जाणं केव्हाही बरं.

त्याआधी शेअर कुणाच्या नावावर आहेत ते बघा. वडिलांच्या नावावर राहिले असतील तर कंपनीच्या सभासदांच्या रजिस्टरला तुमचं नाव चढवून घ्या. शेताच्या उताऱ्यावर वारसा लावतो तसंच हे. नाव चढेपर्यंत मत देता येत नाही.

नोटीसही नीट वाचा. सभेआधी पुरे 21 दिवस हवेत, नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. विशेष ठराव आहे हे तीत स्पष्ट लिहिलेलं हवं आणि तो कशासाठी याचा खुलासा जोडलेला हवा. ‘घरचीच माणसं, फोनवर सांगितलं की’ हे चालत नाही. मात्र प्रायव्हेट कंपनीला नोटीस, कोरम, प्रॉक्सी, पोल या बाबतींत आपल्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, वेगळे नियम ठेवायची मुभा आहे. आर्टिकल्सची प्रत आजच मागा.

वखारीच्या जागेबद्दल मात्र तुम्हाला खोटी आशा लावत नाही. मोठी मालमत्ता विकायला विशेष ठराव हवा, हे कलम 180 चं बंधन 5 जून 2015 च्या अधिसूचनेने प्रायव्हेट कंपन्यांवरून काढलंय. कंपनीने ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेवर भरलेलं असेल तर डायरेक्टर बोर्ड तो निर्णय घेऊ शकतं. तिथे आर्टिकल्समध्ये वेगळी अट असेल तरच तुमचं बळ.

आणखी एक वाट काका धरू शकतात. नवे शेअर सगळ्यांना हिश्शाप्रमाणे देऊ करायचे. त्याला विशेष ठराव लागत नाही. ऑफरचं पत्र येईल, त्यात मुदत असेल. मुदतीत पैसे भरले नाहीत तर तुमचा टक्का तिथेही घटतो, आणि 25 वर किंवा त्याखाली आला की आजची ताकद गेली. तेवढ्या पैशाची सोय आत्तापासून बघून ठेवा.

नोटीस न देताच कागदोपत्री सभा दाखवली, तर दहावा हिस्सा असलेल्या भागधारकाला बेंगळुरूच्या कंपनी लवादात (एनसीएलटी) दाद मागता येते. नवे शेअर वाटले की त्याचा फॉर्म कंपनी खात्याकडे भरावा लागतो आणि तो खात्याच्या पोर्टलवर फी भरून बघायला मिळतो. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघत चला. आप्पांना शेअर वाटल्याचं कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.