खानापूरच्या मागे फोन नंबर

प्रश्न : काकांच्या अडत दुकानासाठी मी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत गिऱ्हाइकांची यादी केली आहे. गावाच्या नावाला 20 बाइटांचा (म्हणजे मेमरीच्या 20 सलग छोट्या खणांचा) अ‍ॅरे, त्याला लागूनच फोनचा. नाव भरायला स्ट्रएनकॉपी हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन वापरतो. ते सुरक्षित, असं क्लासात सांगितलं होतं. बेळगाव, निपाणी नीट छापतात. खानापूर आणि संकेश्वरच्या मागे मात्र चौकोन येतो आणि फोन नंबर चिकटतो. असं का?
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : गावं अगदी नेमकी सापडलीत की तुला! यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, आणि काना, मात्रा, उकार ही वेगळी चिन्हं. ‘बेळगाव’ 6 चिन्हं, 18 बाइट. सी मध्ये मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्याचा एक बाइट लागतो, त्याला जागा उरते. ‘खानापूर’ डोळ्यांना चारच अक्षरं, पण चिन्हं 7, बाइट 21. ‘र’चे दोन बाइट आत आले, तिसरा बाहेर राहिला. चौकोन त्या अर्धवट ‘र’चा. कन्नडमध्ये बेळगावी लिहिलंस तरी 21च.

आता फोन. जागा भरली की स्ट्रएनकॉपी शेवटी शून्य ठेवत नाही, आणि छापणारं प्रिंटएफ शून्य भेटेपर्यंत छापत सुटतं. हा स्ट्रएनकॉपीचा दोष नव्हे. जुन्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला 14 बाइटांचा ठरावीक खण असे. नाव छोटं असेल तर उरलेला खण शून्यांनी भरायचा, पुरा भरला तर शून्य नको. हे फंक्शन तसल्या खणांसाठी चोख. त्याला सरसकट सुरक्षित म्हणणं मला पटत नाही.

एसएनप्रिंटएफ वापर. ते शून्य ठेवतंच, शिवाय शून्य सोडून पुऱ्या नावाला किती बाइट लागले असते तेही परत देतं. तो आकडा 20 किंवा जास्त आला, तर नाव कापलं गेलं. मात्र हे वेगळ्या फंक्शनात टाकलंस तर अ‍ॅरेचा आकारही सोबत पाठव. तिथे आकार मोजणारं साइझऑफ पॉइंटरचा, म्हणजे नुसत्या पत्त्याचा, आकार सांगतं, आजच्या बहुतेक कॉम्प्युटरवर 8.

पण मुळात गावाचं नाव कापायचं कशाला? स्ट्रलेनने नावाची लांबी मोज, त्याहून एक बाइट जास्त जागा मॅलॉकने मागून घे, नल (म्हणजे जागा मिळाली नाही) आला नाही ना बघ, मग मेमकॉपीने तो जादाचा शून्याचा बाइट धरून सगळं उचल. काम झालं की फ्रीने जागा परत कर, एकदाच. पावतीवर जागाच नसेल तर कापायच्या जागेवरचा बाइट 0x80 ते 0xBF मध्ये, म्हणजे चिन्हाच्या मधला, असेतो मागे सरक, आणि तिथे शून्य ठेव. चौकोन जाईल, पण संकेश्वरचं ‘संकेश्’ उरेल. काकांना चालतंय का विचार.