परदेशाआधी गोकुळ शिरगाव

प्रश्न : गोकुळ शिरगावला माझं छोटं मशीन शॉप आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. इंटर्नशिपच्या मुलाखतीत तिला विचारलं, ‘वेगळ्या संस्कृतीच्या माणसांबरोबर काम केलंय का?’ ती गप्पच बसली. आता एक एजंट युरोपातला सहा आठवड्यांचा ‘ग्लोबल एक्स्पोजर’ कोर्स साडेचार लाखांत देतोय. कर्ज काढू का?
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार.

या कोर्ससाठी कर्ज काढू नका. अशा सहलींत पोरं आपलीच टोळी करून फिरतात आणि घरनं नेलेला चिवडा संपला की फोन करतात.

तुमच्या लेथवर कोण आहे? बिहार-ओडिशाकडची पोरं असतील, तर मुलगी त्यांच्याशी कधी बोललीय का? दिवाळी झाल्यावर छठपूजेला ती गावी जातात आणि आपण ‘दांडी मारली’ म्हणतो. एवढं जरी तिनं मुलाखतीत सांगितलं असतं तरी चाललं असतं.

स्वीडनमधल्या माल्मोत १९९८ साली नवं विद्यापीठ सुरू झालं. परदेशात ओळखीपाळखी नाहीत, मुलांना पाठवणार कुठं? विद्यापीठातल्या बेंट निल्सन यांनी शहरात देशोदेशीहून येऊन राहिलेल्या कुटुंबांकडं बघितलं. घरच्या घरी आंतरराष्ट्रीय शिक्षण देण्याचा विचार तिथून पुढं आला.

आता भाषेचं. ओळखीच्या एका फाउंड्रीतला मेल मी वाचला होता. जर्मन खरेदीदारानं विचारलेलं, कास्टिंग (ओतीव माल) १५ तारखेला निघेल का? आपल्या पोरानं लिहिलं, ‘वुई विल ट्राय.’ आपल्याकडं ‘बघू की’चा अर्थ शेंबडं पोरगंही सांगेल. जर्मन माणसानं तो होकार धरला आणि १६ तारखेला फोनवर भडकला. इंग्रजी दोघांचंही बरं होतं. ‘पॅटर्नला (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याला) तडा गेलाय, माल २२ ला निघेल’ एवढंच लिहायचं होतं. तोंडावर नाही म्हणायला आपल्याला जड जातं (भांडताना जात नाही, ते वेगळं).

मुलीला आठवड्यातून दोन संध्याकाळी शॉपवर बसवा. सेफ्टीच्या सूचना कामगारांना तिनंच समजावून सांगायच्या आणि कोण कुठं चुकीचं समजलं ते वहीत टिपायचं. पुढच्या मुलाखतीत ती वहीच कामाला येईल. कॉलेजात परदेशी मुलांबरोबरचा ऑनलाइन प्रोजेक्ट आहे का, तेही विचारा. परदेशी विद्यापीठांबरोबर जोड अभ्यासक्रम चालवायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्येच नियम केलेत. करार झालाय म्हणाले, तर त्यातून यंदा किती मुलांनी काय केलं ते विचारा. भिंतीवर लावलेल्या कराराच्या नुसत्या फ्रेमला भुलू नका.

पुढं एमएसला जर्मनी ठरलं, तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे, सध्या ११,९०४ युरो, खात्यात दाखवावे लागतात. कर्ज तेव्हा काढा, मी स्वतः कागद बघून देईन. जर्मन भाषेचा ए-१ (अगदी पहिल्या पातळीचा) वर्ग मात्र आत्ताच लावा.

एजंटला अ‍ॅडव्हान्स दिला असेल, तर पावती आजच मागून घ्या.