चार्टिंग सॉफ्टवेअरचे फिल्टर लावून हौशी माणसाला शेअर निवडता येतात का? कुठले फिल्टर लावावेत?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून शेअर बघता, रात्री तासभर वेळ मिळतो, आणि चार्टइंक, ट्रेडिंगव्ह्यू ह्या चार्टच्या साईटवर इतके रेडिमेड स्कॅन (म्हणजे अटी लावून शेअर गाळणारे फिल्टर) पडलेत की कुठला धरावा कळत नाही. माझंही तसंच आहे, बीकेसीत नोकरी, राहायला मुलुंडला, त्यामुळे ९:१५ ते ३:३० ह्या बाजाराच्या वेळेत स्क्रीनकडे बघायचा प्रश्नच येत नाही. तर उत्तर हो, येतात निवडता, फक्त फिल्टरला शेअर शोधून द्यायचं काम सांगू नका, बाद करायचं काम सांगा. नुसत्या बीएसईवर पाच हजारांच्या वर कंपन्या लिस्टेड आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा चार्ट आपण जन्मात उघडला नाही तरी काही बिघडत नाही.

म्हणून सगळ्यात पहिला फिल्टर इंडिकेटरचा लावायचाच नाही, उलाढालीचा लावायचा. मी निफ्टी ५०० च्या (एनएसईवरच्या मोठ्या ५०० कंपन्यांच्या यादीच्या) बाहेर जातच नाही, आणि त्यातही गेल्या २० दिवसांची सरासरी उलाढाल (म्हणजे व्हॉल्यूम गुणिले भाव, नुसता व्हॉल्यूम नाही, कारण ४ रुपयांच्या शेअरचा व्हॉल्यूम कोटीत दिसतोच) किमान १० कोटी हवी. हे बोअरिंग वाटतं पण सगळ्यात जास्त पैसे हाच फिल्टर वाचवतो. काय होतं, छोट्या शेअरमधे ऑपरेटर (भाव मुद्दाम चढवणारा) रोज ५ टक्क्यांचं अप्पर सर्किट (एका दिवसात भाव चढायची मर्यादा) लावत असला की चार्ट इतका देखणा दिसतो की जगातला कुठलाही स्कॅन त्याला पास करणार, ५२ आठवड्यांचा हाय, आरएसआय (भावाचा जोर ० ते १०० मधे दाखवणारा इंडिकेटर) ९०, सगळ्या ॲव्हरेजच्या वर. आणि टेलिग्रामवर तोच फिरत असतो. मग एक दिवस लोअर सर्किट (उतरायची मर्यादा) लागतं, तुम्ही सकाळी ९ ला सेलची ऑर्डर टाकून ट्रेनमधे बसता, तुमच्या पुढे विकणाऱ्यांची लाईन, घेणारा कोणी नाही, दुसऱ्या दिवशी परत तेच. असा शेअर बऱ्याचदा एक्स्चेंजच्या एएसएम नाहीतर जीएसएम ह्या जादा देखरेखीच्या यादीत आधीच गेलेला असतो, यादी एनएसईच्या साईटवर फुकट दिसते, बघायला दोन मिनिटं लागतात.

त्यानंतर ट्रेंड. भाव २०० दिवसांच्या ॲव्हरेजच्या वर, ५० दिवसांचं ॲव्हरेज २०० च्या वर, आणि भाव ५२ आठवड्यांच्या हायपासून १५ टक्क्यांच्या आत. शेवटी त्या दिवसाचा व्हॉल्यूम २० दिवसांच्या सरासरीच्या दीडपट तरी. बस, माझा स्कॅन इथे संपतो. ह्यात काही गुपित नाही, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत तरी चालेल. उलट १५ च्या जागी १४ केलं की शेअर गायब आणि १६ केलं की हजर, असल्या बारीक ॲडजस्टमेंटवर तुमचा निर्णय टांगलेला असेल तर समजा तो स्कॅन जुन्या डेटावर घासून घासून गुळगुळीत केलेला आहे.

लोकांची गंमत इथून पुढे सुरू होते. आरएसआय लावतात, मग मॅकडी लावतात, मग स्टोकॅस्टिक (हेही भावावरूनच काढलेले इंडिकेटर), आणि म्हणतात तिन्ही बाय देतायत म्हणजे पक्कं. अहो तिन्ही एकाच घरातले साक्षीदार आहेत, तिघांनी एकच भाव बघितलाय आणि तोच वेगवेगळ्या शब्दांत सांगतायत. दुसरी साक्ष हवी असेल तर भावाच्या बाहेरची आणा, म्हणजे व्हॉल्यूम, डिलिव्हरीची टक्केवारी (म्हणजे त्याच दिवशी न विकता घेऊन ठेवलेले शेअर किती; एनएसई रोज संध्याकाळी भावकॉपीबरोबर, म्हणजे दिवसाच्या भावांच्या फाईलबरोबर देते), नाहीतर सरळ बॅलन्सशीट. मी स्कॅनमधून आलेली नावं स्क्रीनर ह्या साईटवर टाकून कर्ज आणि प्रमोटरने (कंपनीच्या मालकांनी) किती शेअर गहाण टाकलेत एवढं तरी बघतोच, तिथे निम्मी नावं गळतात.

आरएसआयचा विषय निघालाच आहे तर, ३० च्या खाली गेला की स्वस्त झाला असं समजून फिल्टर लावू नका. वाइल्डरने १९७८ साली हा इंडिकेटर मांडला तेव्हापासून ३० आणि ७० ह्या रेघा लोकांच्या डोक्यात बसल्यात, पण ३० च्या खाली म्हणजे एवढंच की गेल्या १४ दिवसांत उतरण चढणीपेक्षा बरीच जास्त झाली, पुढे काय ते त्यात लिहिलेलं नसतं. येस बँकेचा जुना चार्ट उघडून बघा. ऑगस्ट २०१८ मधे ४०० च्या आसपास होता, तिथून मार्च २०२० मधे आरबीआयने निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी १० च्याही खाली जाऊन आला, आणि ह्या अख्ख्या उतरणीत आरएसआय कितीतरी वेळा ३० च्या खाली गेलाय. प्रत्येक वेळी ओव्हरसोल्ड (म्हणजे जरुरीपेक्षा जास्त विकला गेलेला), प्रत्येक वेळी कोणीतरी घेणारा होता.

आता स्कॅन कधी चालवायचा. ऑफिसात सकाळी ११ ला मोबाईलवर चालवू नका. डेली स्कॅन दिवसाच्या कॅण्डलवर (चार्टवरची दिवसभराच्या भावाची एक पट्टी) चालतो आणि ११ वाजता ती कॅण्डल अर्धवट असते. सकाळी शेअर २० दिवसांच्या हायच्या वर, व्हॉल्यूम जोरात, स्कॅनमधे नाव झळकतं, तुम्ही घाईत घेता, आणि ३:३० ला तोच शेअर वरची लांब शेपटी सोडून कालच्या भावाखाली बंद झालेला असतो. रात्री तोच स्कॅन लावलात तर ते नाव यादीत नसतंच. आणि महिन्याभराने मागचं चेक कराल तेव्हा तो फसलेला ब्रेकआउट (जुना हाय ओलांडणं) कुठेच दिसणार नाही, कारण सॉफ्टवेअर मागच्या दिवसांच्या बंद भावावर हिशोब दाखवतं, म्हणून तुम्हाला वाटणार काय भारी स्कॅन आहे. मी जेवण झाल्यावर ९ च्या पुढे चालवतो, तोवर डेटा सगळा आलेला असतो.

डेटावरून आठवलं, बोनस आणि स्प्लिट. रिलायन्सचा १:१ बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला एक्स झाला (त्या दिवसापासून घेणाऱ्याला बोनस नाही), म्हणजे भाव एका रात्रीत अर्धा, शेअर दुप्पट, पैसे तेवढेच. मोठ्या साईट मागचा चार्ट आपोआप ॲडजस्ट करतात पण तुम्ही अ‍ॅमीब्रोकर ह्या सॉफ्टवेअरमधे स्वतः भावकॉपी भरत असाल तर ते तुम्हालाच करावं लागतं, नाहीतर २०० दिवसांचं ॲव्हरेज कित्येक महिने चुकीचंच दिसणार आणि धडधाकट शेअर कोसळला म्हणून यादीत येणार. डीमर्जरला (कंपनीचा एखादा भाग वेगळा झाला की) तर अजून गोंधळ, काही सॉफ्टवेअर ॲडजस्ट करतात काही नाही करत. एका दिवसात २० टक्क्यांहून मोठी फट दिसली की आधी एक्स्चेंजच्या साईटवर कॉर्पोरेट ॲक्शन बघायची, मग चार्टवर विश्वास ठेवायचा.

एक गोष्ट मला ह्या सगळ्यात फार आवडते जी कोणी सांगत नाही. यादीत कोणती नावं आली ह्याच्याइतकंच किती नावं आली हे बघा. बाजार जोरात असतो तेव्हा हाच स्कॅन भरभरून नावं देतो आणि बाजार आतून पोकळ झाला की निफ्टी वर दिसत असूनही यादी चार पाच नावांवर येते. अशा वेळी लोक काय करतात, नावं यावीत म्हणून अटी सैल करतात. मी करत नाही, त्या आठवड्यात सरळ काही घेत नाही, पैसे लिक्विड फंडात (लगेच काढता येतात अशा म्युच्युअल फंडात) बसतात. माझा दादरचा मामा ग्राफ पेपरवर हाताने चार्ट काढायचा, पेपरातले भाव बघून, दहा बारा शेअरच्या पुढे नाही, आणि त्याला प्रत्येकाची चाल तोंडपाठ. आपल्याला ५०० शेअर एका क्लिकवर दिसतात पण ओळख एकाशी नसते, म्हणून यादीतली नावं लगेच घेण्यापेक्षा दोन तीन आठवडे तीच परत परत येतात का ते मी वहीत टिपतो आणि परत येणाऱ्यांचेच चार्ट नीट बघतो.

घेण्याआधी रिझल्टची तारीख बघा. कंपनीला तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत (वर्षाच्या शेवटच्या तिमाहीला ६०) रिझल्ट द्यायचा असतो, बोर्ड मीटिंगची नोटीस एक्स्चेंजवर आधी येते. परवा रिझल्ट असेल तर तुमचे फिल्टर काय म्हणतात त्याला काही अर्थ उरत नाही.

आणि दर आठवड्याला यादी बदलली म्हणून शेअर बदलू नका. डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का एसटीटी (व्यवहारावरचा कर), विकताना परत ०.१, वर डीपी चार्ज (डीमॅट खात्याचा), आणि वर्षाच्या आत नफ्यात विकलात तर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के टॅक्स आहे, आधी १५ होता. कागदावर छान दिसणारे स्कॅन हे सगळं धरत नाहीत. बॅकटेस्ट (जुन्या डेटावर स्कॅनची चाचणी) दाखवणारे अजून एक लबाडी करतात, आजची निफ्टी ५०० ची यादी घेऊन दहा वर्षं मागे टेस्ट करतात, म्हणजे मधल्या काळात बुडालेल्या आणि यादीतून बाहेर फेकलेल्या कंपन्या त्यात नाहीतच, रिझल्ट चांगला येणारच ना.

पेड सॉफ्टवेअर घ्यायचं का असंही विचारलंय. दिवसातून एकदा, बाजार बंद झाल्यावर बघणार असाल तर नको. पैसे मोजून जे मिळतं ते मुख्यतः लाइव्ह डेटा आणि अलर्ट, आणि ते इंट्राडेवाल्यांच्या कामाचं. तुम्ही फ्री अकाऊंटवर स्वतः एक स्कॅन लिहा, रेडिमेड कॉपी मारू नका, आणि काही महिने नुसतं कागदावर घ्या. प्रत्येक नावासमोर तारीख, भाव, का घेतला आणि किती खाली गेला की विकणार हे चार कॉलम पुरेत.