पारोळ्याचं लॉन्स आणि शेडमधलं जुनं मॉवर: एफडी मोडायची का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचकाचं पारोळ्याजवळ हायवेला लग्नसमारंभांसाठी दीड एकराचं लॉन्स आहे. वडिलांनी जुन्या बाजारातून घेतलेलं अमेरिकन राइड-ऑन मॉवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, सहा वर्षांपासून शेडमध्ये पडून आहे: ४२ इंची डेक (खालचं पात्यांचं कवच), ब्रिग्ज ॲन्ड स्ट्रॅटनचं साडेसतरा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं इंजिन, तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रो गिअरबॉक्स. मिस्त्रीने ८५,००० रुपयांचं अंदाजपत्रक दिलंय. नवं राइड-ऑन ३,६०,००० ला आणि मागून ढकलत चालवायचं २१ इंची मॉवर ४८,००० ला मिळतंय. सध्या ब्रश कटरवाला एका कापणीचे १,६०० घेतो, वर्षाला ३० कापण्या होतात. बँकेत सात टक्क्यांची चार लाखांची एफडी आहे. ती मोडून नवं घ्यावं, की जुनं उभं करावं?

भाऊ, एफडीला हात लावू नका. ३,६०,००० वर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज २५,२०० होतं, आणि मुदतीआधी मोडली की दंड वेगळा. आता स्वतःचं मशीन वापरून वाचतं किती ते बघा. ब्रश कटरवाल्याला वर्षाला ४८,००० जातात. राइड-ऑनला दीड एकरात मंडपाचे खांब, झाडं, कारंजं चुकवत पावणेदोन तास धरा. तासाला तीन लिटर आणि लिटरला १०५ रुपये या हिशोबाने पेट्रोल १६,५००, माणसाची अर्धी हजेरी ३०० प्रमाणे ९,०००, ऑइल-पट्टे-पाती ९,०००. झाले ३४,५००. म्हणजे बचत १३,५००. जाणारं व्याजच बचतीच्या दुपटीला टेकतंय, मुद्दल तर अजून मोजलंच नाही. पाच एकर हिरवळ असती तर बोलणं वेगळं झालं असतं.

आता जुन्याचं. ८५,००० खर्चून वर्षाला १३,५०० वाचणार असतील तर पैसे फिटायला सहा वर्षांहून जास्त लागतात. इतकी वर्षं या मशीनच्या भरवशावर मी काढणार नाही. पण तुम्ही पाठवलेला कागद नीट वाचला तर त्यातली सगळ्यात मोठी रक्कमच सगळ्यात कच्ची आहे. इंजिन पूर्ण उघडून २२,०००, डेकचं वेल्डिंग, स्पिंडल (पाती फिरवणारा दांडा) आणि पाती मिळून १४,०००, पट्टे-बॅटरी-टायर ११,०००, आणि गिअरबॉक्स बाहेरून मागवून ३८,०००. गिअरबॉक्ससमोर कारण लिहिलंय ‘मशीन ओढत नाही’. एवढ्यावर ३८,००० चं पार्सल मागवायचं नसतं. त्यावर कस्टम ड्युटी आणि भाडं चढतं, आणि नग बसला नाही तर परत पाठवणं जवळपास अशक्य.

सहा वर्षं उभं असलेलं हायड्रो मॉवर गिअरबॉक्स चांगला असूनही ओढत नाही, त्याची तीन साधी कारणं असतात. मागे एक बायपासची दांडी असते. ढकलताना ती ओढून ठेवतात, मग ती तशीच राहते आणि चाकांना ताकद मिळत नाही. दुसरं म्हणजे ड्राइव्हचा पट्टा. त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीची, म्हणजे आयडलरची, स्प्रिंग ढिली असेल तर पट्टा घसरतो आणि दोष गिअरबॉक्सवर येतो. तिसरं, आत हवा धरलेली असते. मागची चाकं जॅकवर उचलायची, पुढच्या चाकांना दगड लावायचे, बायपास उघडा ठेवून इंजिन चालू करायचं आणि पेडल पाच-सहा वेळा पूर्ण पुढे, पूर्ण मागे न्यायचं. मग बायपास बंद करून तेच पुन्हा. हे करताना पाती बंद. खरी परीक्षा त्यानंतर: अर्धा तास चालवून गरम झालं की मंडपाच्या सामानाच्या ट्रकसाठी केलेल्या रॅम्पवर चढवा. झिजलेला हायड्रो पंप थंड असताना चढतो आणि तेल तापून पातळ झालं की मान टाकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ च्या आसपास असतो, तेव्हा ही परीक्षा दुपारीच घ्या.

इंजिनलाही २२,००० लागतीलच असं नाही. मिस्त्रीने कॉम्प्रेशन गेज लावून ‘कॉम्प्रेशन कमी’ म्हटलं असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका. या इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) स्टार्ट सोपा व्हावा म्हणून कॉम्प्रेशन सोडणारी रचना असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही गेजवर कमीच दाखवतं. लीक-डाउन, म्हणजे हवा कुठून गळते ती चाचणी, करायला सांगा. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वर आणायचा, क्रँक घट्ट धरायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्यायची. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंग किंवा हेड गॅस्केट. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या या इंजिनांत हेड गॅस्केट पुशरॉडच्या बाजूला फुटण्याचा रोग जुनाच आहे. मग निळा धूर येतो आणि लोक रिंगा बदलत बसतात. निघाला दोष तेवढाच, तर गॅस्केट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, कार्बोरेटर किट आणि इंधन पंपाचा पडदा एवढ्यात आठ हजारांत भागतं. आत दगड किंवा खुंटा लागून मशीन थांबलं होतं का, तेही आठवा. फ्लायव्हीलची ॲल्युमिनियमची चावी अर्धवट कातरली गेली तर स्पार्कची वेळ चुकते, आणि ती चावी अगदी स्वस्त असते.

पार्ट मागवताना मॉवरचं नाव सांगू नका. इंजिनच्या आवरणावर ठोकलेले तीन आकडे द्या: मॉडेल, टाइप, कोड. कोडचे पहिले सहा अंक म्हणजे वर्ष, महिना, तारीख. त्यावरून इंजिन किती जुनं हेही कळेल. इंजिनचे पार्ट मिळतात. अडतं ते डेक आणि बॉडीच्या पार्टांपाशी, आणि त्यातलं बरंचसं जळगाव एमआयडीसीतला चांगला लेथवाला करून देतो. स्पिंडलचा शाफ्ट, बुश, पुलीचं भोक, सगळं होतं. बेअरिंगमध्ये एक फसगत आहे. बाहेरून ४० मिलिमीटर बघून दुकानदार ६२०३ काढून देतो, त्याचं भोक १७ मिलिमीटर. अमेरिकन स्पिंडलचा शाफ्ट बऱ्याचदा ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असतो. ते बेअरिंग सैल बसतं आणि महिन्याभरात घर खातं. व्हर्नियर घेऊनच दुकानात जा.

दोन ठिकाणी काटकसर नको. पट्टा पिठाच्या गिरणीचा किंवा पंपाचा लावू नका. डेकचा पट्टा आयडलरवर सैल-घट्ट होत चालतो, त्यासाठी आत केव्हलरचे दोर आणि बाहेर कापडी आवरण असतं. साधा पट्टा ताणतो, जळतो. आणि पाती ट्रकच्या कमानपट्टीची घडवून घेऊ नका. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या घरात फिरतं, कडक पोलाद तडकलं तर तुकडा माणसात जाईल. लग्नघरात हा धोका कोणत्याच बचतीत बसत नाही. सीटखालचा सेफ्टी स्विच मिस्त्रीने वायर जोडून बायपास केला असेल तर तोही परत चालू करून घ्या.

तर पैसे टप्प्याने सोडा. आधी तपासणीला पाच हजार: बॅटरी, ऑइल, कार्बोरेटरची साफसफाई, लीक-डाउन, गरम झाल्यावरची चढाई. गिअरबॉक्स पास झाला तर इंजिन ८,०००, डेक १४,०००, बाकी ११,०००. तपासणीसकट ३८,००० होतात, आणि ते तीन वर्षांच्या आत फिटतात. ४०,००० ही हद्द. त्यापुढे वडिलांची आठवण म्हणून खर्च करायचा असेल तर जरूर करा, पण तो घरखर्चातून करा, लॉन्सच्या गल्ल्यातून नको. बुकिंगच्या ॲडव्हान्सला तर अजिबात हात नको. तारीख रद्द झाली की तो परत द्यायचा असतो.

गिअरबॉक्स नापास झाला तर तिथेच थांबा. ४८,००० चं ढकलायचं मॉवर घेतलं तर एक कापणी साडेचार तासांची. पूर्ण हजेरी ५५० धरून पेट्रोल आणि देखभालीसकट वर्षाचा खर्च ३५,५००, बचत १२,५००, चार वर्षांच्या आत फिटलं. वर वॉरंटी आणि गावात मिळणारे पार्ट. आपल्या काळ्या जमिनीत त्याचा आणखी एक फायदा. पावसानंतर राइड-ऑनचं वजन आणि वर माणूस, हिरवळीत चाकोऱ्या पडतात, म्हणून दोन-तीन दिवस वाट बघावी लागते आणि तोवर गवत आणखी वाढतं. हलकं मशीन लवकर आत जातं. जवळपास निम्म्या कापण्या चातुर्मासात येतात, जेव्हा एकही बुकिंग नसतं. म्हणून खर्च तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामातून बाजूला काढा आणि काम ज्येष्ठ संपायच्या आत उरका.

जीएसटी नोंदणी नियमित असेल तर पार्ट पक्क्या बिलाने घ्या, क्रेडिट मिळेल. अंदाजित उत्पन्नावर कर भरत असाल तर दुरुस्ती वेगळी वजा होत नाही, त्यामुळे ‘टॅक्समध्ये वाचेल’ हे हिशोबात धरू नका.

मशीन उभं राहिलं तर महिनाभरापेक्षा जास्त बंद ठेवताना टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. ही इंजिनं दहा टक्के इथेनॉलपर्यंतची, पंपावर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल येतं, त्याने जुने रबर खराब होतात. ऑइल १.४ लिटर, एसएई ३०. आणि मशीन मोडीत काढायची वेळ आलीच तर अख्खं भंगारवाल्याला देऊ नका. चालू इंजिनचा व्हिडिओ काढून ते वेगळं विका, डेक आणि चाकं वेगळी.