दर महिन्याला त्याच १२ एक्सेल फाइली जोडायच्या असतील, तर मॅक्रो शिकावा की पायथन?

तुमचा प्रश्न वाचला. १२ शाखांच्या १२ फाइली येतात, त्या कॉपी-पेस्ट करून एका शीटमध्ये आणायच्या, तारखा सरळ करायच्या, मग पिव्हट (सारांश तक्ता). दोन दिवस त्यातच जातात.

माझ्या मते मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सध्या दोन्ही राहू द्या आणि पॉवर क्वेरी शिका, म्हणजे फाइली जोडायचं आणि साफ करायचं एक्सेलमधलंच साधन. एक्सेल २०१६ पासून ती डेटा टॅबमध्येच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही.

मी स्वतः सुरुवात मॅक्रोपासून केली आणि चांगलाच आपटलो. रेकॉर्डर लावला, काम एकदा हाताने केलं आणि खूश झालो. रेकॉर्डरने टिपलं काय? दुसऱ्या ओळीपासून ३१२व्या ओळीपर्यंत निवड. पुढच्या महिन्यात डेटा ३४० ओळींपर्यंत गेला. मॅक्रो मुकाट्याने चालला, शेवटच्या २८ ओळी मागेच राहिल्या, एरर वगैरे काही नाही. चूक साहेबांनी पकडली, तीही मीटिंगमध्ये. (शिवाय मॅक्रोने केलेलं कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. हेही मला त्याच आठवड्यात कळलं.)

ओळी अशा गुपचूप गळणं ही काही माझीच मक्तेदारी नाही. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कोरोनाच्या जवळपास १६,००० रुग्णांची नोंद वेळेवर आकडेवारीत आलीच नाही. एक्सएलएस या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, बाकीच्या कापल्या गेल्या.

आता तुमचं काम. त्या १२ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. नव्या फाइलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर असं जा आणि फाइली कम्बाइन करा. नको ते कॉलम काढा, रिकाम्या ओळी गाळा. तुम्ही केलेली प्रत्येक पायरी उजवीकडे यादीत साठत जाते. पुढच्या महिन्यात फोल्डरमधल्या फाइली बदलायच्या आणि रिफ्रेश ऑल, त्याच पायऱ्या पुन्हा चालतात. जुन्या फाइली तिथेच विसरलात तर मागचा महिनाही बेरजेत येईल, तेवढं सांभाळा.

पहिल्या दिवशी अडाल ते शीटच्या नावावर. एका शाखेने शीटला 'विक्री' म्हटलं आणि दुसरीने 'विक्री नवीन', तर 'key' जुळली नाही अशा अर्थाचा एरर येतो. त्यात शीटच्या नावाचा धड उल्लेखही नसतो, मी अर्धा दिवस शोधत बसलो होतो. यावर इलाज तांत्रिक नाही. एक कोरा नमुना बनवा, सगळ्या शाखांना पाठवा आणि त्यातच भरून मागवा. कॉलमची नावंही त्यातच पक्की होतात.

तारखांचं मात्र नीट बघा. समोरून ०३/०४ असा मजकूर आला, तर ती ३ एप्रिल की ४ मार्च हे तुमच्या कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं. सेटिंग अमेरिकन असेल तर १३/०४ ला एरर येतो, म्हणजे निदान दिसतो तरी. १२ तारखेपर्यंतच्या तारखा उलट्या होऊन गपचूप आत बसतात. कॉलमच्या डोक्यावर राइट क्लिक करून चेंज टाइपमधला युजिंग लोकॅल पर्याय घ्या आणि तारीख कोणत्या पद्धतीने लिहिली आहे ते सांगून टाका.

मॅक्रो लागेल तो यानंतर, म्हणजे तयार रिपोर्टची शाखेनुसार पीडीएफ काढायला किंवा मेल पाठवायला. पायथनचा विचार फाइली एक्सेलला झेपेनाशा झाल्यावर.

आणि पहिले दोन महिने जुन्या पद्धतीनेही रिपोर्ट बनवा. प्रत्येक शाखेच्या ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज शेजारी शेजारी मांडा, तिसऱ्या कॉलममध्ये फरक काढा. माझ्या रिपोर्टमध्ये तो कॉलम आजही आहे.