आरक्षणावर वर्गात वादविवाद घेतला, आता संस्था माफीनामा मागतेय. देऊ का?

बाकीच्यांना कळावं म्हणून आधी सरांचा प्रश्न सांगते. मराठवाड्यातलं एक अनुदानित हायस्कूल, सर तिथे कायम नोकरीत आहेत आणि दहावीला राज्यशास्त्र शिकवतात. आरक्षण हवं की नको यावर वर्गात वादविवाद घेतला, दोन्ही बाजूंनी पोरं बोलली, शेवटी एकाने विचारलं सर तुमचं मत काय, तर सर म्हणाले आरक्षण म्हणजे गरिबी हटावचा कार्यक्रम नाही, तो प्रतिनिधित्वाचा विषय आहे. मागच्या बाकावरून कुणीतरी मोबाईलवर शूट केलं होतं, त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा गावभर फिरला, जमाव शाळेत आला आणि मुख्याध्यापकांनी नोटीस दिली की 24 तासांत सोबत जोडलेल्या माफीनाम्यावर सही करा नाहीतर राजीनामा द्या. पोलीस स्टेशनमधून पण फोन आलाय, ‘जरा येऊन जा’. सर विचारतायत माफी देऊ का, नोकरी जाईल का, गुन्हा दाखल होईल का.

सर, माफीनाम्यावर सही करू नका, आणि राजीनाम्यावर तर अजिबातच नाही. तुम्हाला भीती पोलिसांची वाटतेय पण मला जास्त धोका त्या कागदात दिसतोय. तुम्ही पाठवलेला मसुदा बघा, त्यात लिहिलंय ‘माझ्याकडून दोन समाजांत तेढ निर्माण होईल असे वक्तव्य झाले’. ही भाषा मुख्याध्यापकांची नाही, ही जवळजवळ भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 ची भाषा आहे (जुनं आयपीसी 153अ). पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, पण मुख्याध्यापकांना स्वहस्ते लिहून दिलेली पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, आणि खात्याच्या चौकशीत तर तोच पहिला कागद असेल. लोक म्हणतात ना ‘सॉरी म्हणून टाका, विषय मिटेल’, तो विषय त्या दिवसापुरता मिटतो आणि कागद फाईलला राहतो.

माफीऐवजी खुलासा द्या. तारीख, तास कितवा, इयत्ता, आणि विषय कुठून आला ते लिहा. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘संविधानाची वाटचाल’ आहे आणि त्यात राखीव जागांच्या धोरणाचा मुद्दा आहे, म्हणजे तुम्ही वर्गात राजकारण आणलं नाही, ते बालभारतीनेच छापून दिलंय. टाचण वहीत (रोजच्या पाठाच्या तयारीची वही) त्या दिवसाची नोंद असेल तर तिची झेरॉक्स जोडा, मुख्याध्यापकांनी टाचण तपासून सही केलेली असेल तर फारच उत्तम. आणि नसेल नोंद, तर आता मागची तारीख टाकून लिहायला बसू नका प्लीज, एका शाईने लिहिलेलं पकडलं जातं आणि मग खरी बाजू पण खोटी वाटायला लागते. कुणाला वाईट वाटलं असेल तर तसा हेतू नव्हता, एवढं वाक्य चालेल, त्याच्या पुढे जाऊ नका. खुलासा आवक-जावकला देऊन पोच घ्या, घेत नसतील तर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं) आणि एक प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना.

नोकरीचं. तुम्हाला महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम 1977 आणि त्याचे 1981 चे नियम लागू आहेत, शिक्षक लोक त्याला एमईपीएस म्हणतात. कायम शिक्षकाला असं 24 तासांत काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर नियम 36 प्रमाणे आधी आरोप लेखी, रजिस्टर पोस्टाने कळवायचे, खुलाशाला सात दिवस द्यायचे, खुलासा पटला नाही तर तीन जणांची चौकशी समिती. त्यात एक संस्थेचा, एक तुम्ही निवडलेला खाजगी शाळेतला कर्मचारी आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या पॅनेलमधला. म्हणजे तुमचा माणूस आत बसतो, म्हणून नाव देताना जवळचा मित्र नको, नियम वाचलेला आणि संस्थाचालकाच्या चहाला न भुलणारा माणूस द्या. चौकशी 120 दिवसांत संपवायची असते. निलंबन करायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, ती न घेता केलं तर निर्वाह भत्त्याचा (निलंबनाच्या काळात मिळणाऱ्या पैशाचा) भार संस्थेवर येतो आणि संस्थांना नेमकं तिथेच दुखतं.

उद्या तोंडीच म्हणाले की येऊ नका, किंवा बडतर्फीचं पत्र दिलं, तर याच एमईपीएस कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील, मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. ती मुदत ‘चर्चा चालू आहे, अध्यक्ष साहेब बघतो म्हणालेत’ यात घालवणारे शिक्षक फार. फक्त ताकीद दिली किंवा एक इन्क्रिमेंट रोखलं तर मात्र न्यायाधिकरणात जाता येत नाही, ती किरकोळ शिक्षा धरतात. राजीनाम्याचं सांगायचं तर कलम 7 मध्ये पद्धत ठरलेली आहे, दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला. केबिनमध्ये बसवून लिहून घेतलेला राजीनामा या पद्धतीत बसत नाही. आधीच कुठल्या कोऱ्या कागदावर सही दिलेली असेल (बऱ्याच संस्था नेमणुकीच्या वेळीच घेऊन ठेवतात, सगळ्यांना माहितीय) तर आजच संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा की मी राजीनामा दिलेला नाही.

आता गुन्ह्याचं. 196 दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. पण त्यात हेतू लागतो. सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की मजकूर सगळा वाचायचा, एखादा झोंबणारा तुकडा वेगळा काढून गुन्हा ठरवायचा नाही. तुमच्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपला हेच लागू पडतं. मार्च 2024 मधली आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली केस पण आहे, एका प्राध्यापकाने 370 रद्द केल्याचा निषेध करणारं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं म्हणून 153अ लागलं होतं, हायकोर्टाने दिलासा नाकारला, सुप्रीम कोर्टाने एफआयआर रद्द केला आणि म्हटलं की बोलण्याचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते बघायचं, कमकुवत मनाच्या माणसावर नाही. तुमचं वाक्य तर त्यापेक्षा कितीतरी मवाळ, ते मंडल आयोगावरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरच्या कुठल्याही चर्चासत्रात ऐकू येतं.

पोलिसांचा फोन आलाय म्हणजे अजून एफआयआर नसेल. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी सीआरपीसी) कलम 173(3) मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याच्या केसमध्ये ती करणं योग्यच असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये सांगितलंय. म्हणून जा, पण एकटे नाही, स्थानिक वकील सोबत घेऊन, आणि खुलाशाची प्रत देऊन अर्ज करा की आधी चौकशी करा. गुन्हा झालाच तर अटकपूर्व जामीन सेशन कोर्टात याच संहितेच्या कलम 482 खाली, रद्द करायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात कलम 528. (जुन्या कायद्यात 482 म्हणजेच रद्द करणं होतं, त्यामुळे आमच्या बार रूममध्ये अजून दोन वकील 482 वर बोलत असले की आधी कुठल्या 482 वर ते विचारावं लागतं.) शिवाय 196 मध्ये कोर्टाने दखल घ्यायला सरकारची पूर्वमंजुरी लागते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची नाही आणि ती तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत उरकलीय. ‘ज्यांच्या घरी कुणबी नोंद सापडली त्यांनी हात वर करा’ असं तुम्ही वादविवादाच्या सुरुवातीला म्हणालात. सर, हे नको होतं. सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरनंतर (जुन्या नोंदींवरून मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा) तुमच्याकडे वातावरण काय आहे ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहितीय, आणि पंधरा वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गात स्वतःच्या घराची जात-नोंद सांगायला लावणं यात मत मांडण्याचं स्वातंत्र्य वगैरे काही नाही. मी संस्थेची वकील असते तर तुमच्या मताला हात लावला नसता, फक्त हा हात वर करायचा प्रसंग धरून बसले असते. त्याने गुन्हा होत नाही असं माझं मत आहे, पण चौकशीत ताकीद मिळू शकते. खुलाशात ते लपवू नका, 40 पोरांनी बघितलंय. सरळ लिहा की किती विद्यार्थ्यांना विषय जवळचा आहे ते कळावं म्हणून विचारलं, कुणाला कमी लेखायला नाही, आणि यापुढे असं विचारणार नाही. एवढ्या एका बाबतीत खेद व्यक्त करायला माझी हरकत नाही, उलट बाकीच्या खुलाशाला त्याने वजनच येईल.

पूर्ण व्हिडिओ कुणाकडे असेल तर मूळ मोबाईलमध्येच राहू दे, फॉरवर्ड झालेल्या फाईलवर विसंबू नका, कोर्टात द्यायची वेळ आली तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं. ज्याने शूट केलं त्या पोराला किंवा त्याच्या घरी फोन करू नका, ‘जरा समजावतो’ म्हणून पण नाही, नाहीतर साक्षीदारावर दबाव आणला हा नवा आरोप येईल. स्टाफरूमच्या ग्रुपवर पण गप्प राहा, तिथले स्क्रीनशॉट अध्यक्षांकडे जातातच.

उद्या शाळेत जा, मस्टरवर सही करा, तास घ्या. सही करू देत नसतील तर त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांना ईमेल करा, वेळ टाकून. आणि नोटीस कुणाच्या सहीची आहे, मुख्याध्यापकांच्या की सचिवांच्या, त्याचा फोटो पाठवा, तुमच्या पत्रासोबत फक्त माफीनाम्याचंच पान आलंय.